दहा लाख हल्ले, शून्य एरर

३ जानेवारी १९९८
नोकरी सोडली. (तिसरी.) लोकांच्या पगारपत्रकांची सॉफ्टवेअरं लिहायला मी जन्मलो नाही. आजपासून फक्त ‘वज्र’. माझी स्वतःची फाइल सिस्टिम. डिस्कवर कुठली फाइल कुठे ठेवली ते लक्षात ठेवणारी, आणि वीज गेली, लाथ बसली तरी न विसरणारी.
संकल्प: रोज सहाला उठणे. वज्रला जिवे मारायचा प्रयत्न करणे. मरत नाही तेच विकायचं.

६ जानेवारी, दुपारी १२ (उठलो)
‘हल्ला’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. वज्रवर अंदाधुंद तुटून पडतो. फाइल बनव, काप, नाव बदल, अर्धी लिहून सोड, पूस. पुढचा वार कुठला, त्यालाही माहीत नाही. सगळं रँडम. मध्येच मी प्लग उपटतो.
बाबा म्हणाले, रिफायनरीत तीस वर्षं काढली, असं कोणी केलं असतं तर आधी त्यालाच उपटला असता. जुनी पिढी.

१० जानेवारी
प्रोग्रॅम हजार वेळा चालवला. दर वेळी हजार वार. दहा लाख हल्ले, शून्य एरर. अमेरिकेतसुद्धा एवढं कोणी मारत नसेल.

१४ जानेवारी, उत्तरायण
आमचं अख्खं अकोटा गच्चीवर. पतंग कापला, की ‘काप्यो छे!’च्या किंकाळ्या. मी एकटाच खाली. सत्तर वेळा प्लग उपटला. एकाहत्तराव्या वेळी शॉक बसून कपाटावर आदळलो. कपाळ फुटलं. वज्रला ओरखडा नाही.
निर्णय: मधुवंतीताईचा थीसिस वज्रवर हलवला. बंद पडलेल्या मिलच्या कामगारांच्या एकसष्ट मुलाखती, दोन वर्षं टाइप करतेय. आता सुरक्षित. तिला विचारलं नाही, ती पतंगात होती. तिच्या बॅकअपच्या फ्लॉप्या फॉरमॅट केल्या. मला लागणारच होत्या.

१५ जानेवारी
ताईने दोन पानं टाइप केली. म्हणाली, अरे, पीसी आज फास्ट वाटतोय. डोळे भरून आले. ३०ला सबमिशन आहे तिचं. नंतर सांगीन. आत्ता कळलं तर उगाच घाबरेल.

१९ जानेवारी
पाणीगेटहून कुशल आला. कॉलेजपासूनचा दोस्त, हार्डवेअरवाला. माझा कोड वाचून खो खो हसला. म्हणे, अल्या गधेडा, सीड तो एकनो एक ज छे! म्हणजे रँडम आकडे ज्या आकड्यापासून सुरू होतात, तो मी बदललाच नव्हता. म्हणून दर वेळी तेच हजार वार, त्याच क्रमाने. म्हणे, दहा लाख शाना, कसले दहा लाख? हजार बोल!
कॉलर धरली त्याची. त्याने पोटात गुडघा घातला. मी मॉनिटरसकट खाली.
सातत्य या गुणाची लोकांना किंमत नाही.

२० जानेवारी
सीड बदलला. हल्ला थेट ताईच्या डिस्कवर सोडला. खोट्या फाइलींवर काय कोणीही जिंकेल.
अकराव्या वाराला हल्ल्याने स्वतःची एक फाइल कापली आणि वज्रने ताईच्या फाइलींचे कोथळे बाहेर काढले. एकसष्ट नावं दिसतात, आत भुस्सा.
संशोधनाच्या दृष्टीने फार मोलाचा बग.

२१ जानेवारी (डाव्या हाताने)
ताईला शांतपणे सांगितलं, की बग सापडला. तिने कीबोर्ड उचलला. पहिला घाव खांद्यावर, दुसरा अडवताना उजवी दोन बोटं मोडली. चाव्या घरभर. आई मध्ये पडली नाही. बाबांनी दार लावून घेतलं, बाहेरून.
मुलाखतींच्या कॅसेटी चारच होत्या म्हणे. एक मुलाखत टाइप झाली, की तिच्यावरच पुढची रेकॉर्ड. माझ्या मते चूक तिथे आहे. बोललो तसं. तिसरा घाव.

३० जानेवारी
सबमिशन नाही. गाइडबाईंनी सहा महिने दिलेत. सगळ्या मुलाखती पुन्हा. ताई बोलत नाही, नुसता हुकूम: टेपरेकॉर्डर उचल, चल.

४ फेब्रुवारी
नऊ घरं झाली. आज दहावं, फत्तेसिंहरावांचं. ते डिसेंबरात वारले, हे आम्हाला दारात कळलं. त्यांच्या बायकोने, शालिनीकाकूंनी, बसवलं, चहा दिला. म्हणाल्या, बरं झालं आलात, आमच्याकडे त्यांचा आवाजच नाही. तुमच्याजवळ दीड तास बोलले होते, ऐकवता का?
ताईने माझ्याकडे बघितलं. मी टेपरेकॉर्डर मांडीवर घेतला, त्यातली कोरी कॅसेट काढली, उलटी करून परत घातली.