ही पावणी कोण?

नेसरी, १२ फेब्रुवारी १९७४

चि. सयाजीस,
शालूआक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल आबांना गडहिंग्लजला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली पावसाळ्यापर्यंत टिकली तर टिकली, असं ते म्हणाले. परतताना आबा एसटीत शेजारच्या माणसाला उसाचा भाव विचारत बसले. रडायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे.

आईचा एकही फोटो आपल्या घरात नाही. म्हणून मीच ठरवलं आहे, नजर आहे तोवर आबांना तिचा चेहरा एकदा दाखवायचा. पाडव्याच्या आत तू आईचं चित्र काढून पाठव. लग्नसराई आहे, क्लॅरिनेट वाजवायला बँडमध्ये दुसरा माणूस नाही, हे रडगाणं नको. शुक्रवारी सिनेमा बदलतो, त्याचा बोर्ड रंगवायचा आहे, हेही नको. पेंटर म्हणून काही सांगावं तर तू बँडवाला असतोस, आणि बँडवाला म्हणून बोलवावं तर पेंटर. एक ना धड, भाराभर चिंध्या. एक काहीतरी धर, हे सांगून दहा वर्षं झाली.

लोभ आहेच, सध्या राग जास्त आहे.
आक्का


कोल्हापूर, २४ फेब्रुवारी

ति. आक्कास,
सयाजीचा सा. न. वि. वि.

आबांचं वाचून दिवसभर हातात ब्रश धरवला नाही. पण आक्का, आमच्या कामाची रीत तुला ठाऊक नाही. फोटोवर चौकटी आखायच्या, तितक्याच चौकटी मोठ्या कापडावर आखायच्या आणि एकेक घर भरत चेहरा वाढवायचा. फोटोशिवाय मी आजवर साधं नाक काढलेलं नाही. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, तू चौदाची. कपाळ केवढं, नाक कसं, सगळं लिहून कळव.

एक काहीतरी धर म्हणतेस, तर पावसाळ्यात लग्नं नसतात तेव्हा बोर्डच पोट भरतात. आणि नुसते बोर्ड रंगवत बसलो तर माझा जीव गुदमरतो. क्लॅरिनेटला टर्पेंटाईनचा वास येतो अशी परवा एका वरबापाने तक्रार केली, तीही ऐकून घेतली.

आबांना नमस्कार सांग. रागातला थोडा पुढच्या पत्रासाठी ठेव.
सयाजी


नेसरी, २९ मार्च

चि. सयाजीस,
आशीर्वाद. (नाइलाजाने.) वि. वि.

पाडवा उलटून गेल्यावर चित्र आलं. मी दोन पानं भरून वर्णन कळवलं होतं, ते कुठे गेलं? भुवया कोरलेल्या, ओठ लालभडक, नजर तिरकी! आई शेणी लावताना अशी बघत होती का? आबांनी चित्र उन्हात धरलं आणि ही पावणी कोन हाय म्हणून मलाच विचारलं. शेजारची धोंडुबाई तर म्हणाली, की ह्या बाईचा पिच्चर म्या बघितलाय की. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आबांना आता ताटातली चटणी कुठे नि लोणचं कुठे, तेही सांगावं लागतं. चित्र परत पाठवते आहे. दुसरं दे, नाहीतर जमत नाही म्हणून कळव, म्हणजे मी वाट बघणं सोडते.

तुझी वैतागलेली,
आक्का


कोल्हापूर, २० एप्रिल

ति. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं वर्णन भिंतीला चिकटवून चारदा काढलं आणि चारदा पुसलं. हात सिनेमातलीच बाई काढतो. शेवटी आमचे मालक लालासाब पेंटर वैतागले. तो कागद फाड, डोळे मीट आणि दिसेल ती काढ, म्हणाले.

डोळे मिटले की मला आधी चेहरा दिसत नाही, चाल ऐकू येते. आई जात्यावर ओवी म्हणायची आणि मी तिच्या मांडीवर झोपायचो, ती चाल. नवरी वाटेला लावताना मी दर लग्नात तीच वाजवतो. मग मी तिथेच, रंगाच्या डब्यांमध्ये, क्लॅरिनेट काढलं. वाजवता वाजवता चेहरा आला. एका बैठकीत चित्र पुरं केलं. त्या नादात उचगावचं लग्न बुडालं आणि बँडच्या मालकांनी पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणून बजावलं.

हेही चुकलं असेल तर मला येत नाही असं समज. मी तरी आई हीच आठवतो.

तुझाच,
सयाजी


नेसरी, ३० एप्रिल

चि. सयाजीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

चित्रावरचं कापड सोडलं आणि कपाळावर हात मारून घेतला. बाबा रे, ही आई नव्हे. ही मी. डाव्या भुवईवरचा व्रणसुद्धा काढला आहेस. तुला विहिरीच्या काठावरून ओढताना मी पडले होते, त्याचा तो. आणि ओवी? आईला दम्याने दोन वाक्यं सलग बोलवत नव्हती, ती कुठली गाते! ती गेल्यावर तुला झोपवायला जात्यावर बसून म्हणत होते ती मी. इतकी वर्षं लोकांच्या लेकी तू माझ्या बेसूर ओवीवर वाटेला लावतोस, हे आज कळलं.

इतका संताप आला की मी चित्र पुन्हा गुंडाळायला घेतलं. तेवढ्यात आबांनी मागितलं. दारातल्या उन्हात अगदी डोळ्यांशी धरून बराच वेळ बघितलं, व्रणावर बोट ठेवलं. मी सांगून टाकलं, की सयाजी चुकला, ही आई नव्हे. त्यावर आबा म्हणाले, की तुज्या आईचं त्वांड मला डोळं मिटून बी दिसतंय, पर तुजंच दोन वरसं नीट दिसलं न्हवतं, त्येवढं बघायचं ऱ्हायलं हुतं. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

चित्र भिंतीवर लावलं आहे. एक काहीतरी धर, असं यापुढे म्हणणार नाही. बँडच्या मालकांचे पाय धर. पण त्याआधी येत्या सोमवारी क्लॅरिनेट घेऊन इकडे ये, आबांना ती ओवी ऐकायची आहे. तिची तिसरी ओळ मी तेव्हा विसरायचे आणि नुसती गुणगुणून न्यायचे. तूही तेवढीच शिकला असशील. आता मला ती येते.

वाट बघते. उशीर केलास तर खबरदार.
तुझी आक्का