प्रवीणचे तीन दिवस

हुडको, भिलाई
रविवार, १९ जानेवारी २०२५

रमास मारोतरावचा आशीर्वाद.

गोंदियाले थंडी कशी आहे? तुह्या आईची तब्येत आता बरी असेल. इथं आम्ही दोघं ठीक आहो. सिंधूचे गुडघे धरतात, तरी सकाळी पूजेच्या फुलांसाठी चार घरं फिरून येतेच. मी रिटायर झाल्यापासून भाजी आणाचं काम माह्याकडे आलं, आणि भेंडी जून आणली म्हणून रोज बोलणी खातो.

परवा गुंजनचा फोन आला होता. म्हणे, पापाचं वर्षश्राद्ध आहे, बड़े पापा, आप आओगे ना, मम्मी पूछ रही है. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. तवापासून ताटात अन्न सोडून उठतो. सिंधूले गॅस झाला म्हणून सांगतलं.

मी तुहा भासरा, प्रवीणचा मोठा भाऊ. वीस वर्षांत आपण चहापाण्याच्या पलीकडे बोललो नाही, म्हणून हे तोंडानं सांगणं मले जमत नाही. जसं बोलतो तसंच लिहून राहिलो. शुद्धलेखन पाहू नको.

पहिले चांगलं सांगतो. मले दारू सोडून वर्ष होऊन गेलं. इथं एका शाळेच्या खोलीत दर शनिवारी दारू सोडणाऱ्यांची मीटिंग होते. ओमप्रकाश नावाचे रेल्वेतले जुने गार्ड ती चालवतात. पहिल्याच दिवशी तिथं देवाचं नाव निघालं. तू जाणते, आपल्या घरात देव सिंधूच्या वाट्याचा. मी उठून निघालो तर ओमप्रकाशनं हात धरला. म्हणे, "भगवान को रहने दो मारोती भाई, चाय बनानी आती है?" म्हणून मी चाय कराले लागलो. पहिल्या खेपेस साखर टाकाचीच विसरलो. पंधरा जण चुपचाप पिऊन गेले. शेवटी ओमप्रकाश म्हणे, हम लोगों ने इससे बहुत बुरा पिया है. किती महिन्यांनी मी हसलो असेन.

हे चांगलं इथपर्यंतच. आता पुढचं.

गेल्या वर्षी तीन फेब्रुवारीले, शनिवारी, मीटिंगले बेचाळीस दिवस झाले होते. दुपारी चार वाजता घरातून निघून राहिलो होतो तर प्रवीणचा फोन आला. तू गुंजनले घेऊन गोंदियाले माहेरी गेली होती. दारू सुटेपर्यंत घरात पाय ठेवणार नाही असं सांगून गेली होती, ते त्यानंच मले आधी सांगतलं होतं. तो म्हणे, "दादा, येऊन जा. हात थांबून नाही राहिले. भिंतीवर काहीतरी चालते. मले भ्या लागते."

मी म्हटलं, पिऊन बसला असशील.

तो म्हणे, "नाही दादा, तीन दिवस झाले, थेंब नाही घेतला. तू सोडू शकतो तर मी काहून नाही?"

रमा, मी विश्वास नाही ठेवला. वीस वर्षं त्याचा फोन म्हणजे बसाचं बोलावणं, आणि माहा फोन म्हणजेही तेच. कैंप-1 मधल्या त्या दुकानामागं आम्ही दोघा भावांनी किती संध्याकाळी घालवल्या, ते तुले सांगाची गरज नाही. मले वाटलं, कुरुदले तुमच्या घरी गेलो की त्याच्यासोबत मीही बसेन. होश आल्यावर फोन कर म्हटलं आणि मोबाईल बंद केला. नुसता ठेवला नाही, बंद केला.

मग मी मीटिंगले गेलो आणि सगळ्यांसमोर सांगतलं की आज सख्ख्या भावाले नाही म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मले लय बरं वाटलं होतं. त्या टाळ्या अजून कानात आहेत.

सकाळी मोबाईल सुरू केला तर तुमच्या शेजारच्या नत्थूचे नऊ मिस कॉल. मी पोचलो तवा प्रवीण मोरीच्या दारात पडून होता, जीव कधीचाच गेला होता. जीभ चावलेली. सगळे म्हणाले, दारूनं खाल्लं. नत्थूही तेच म्हणाला, तू येऊन तेच म्हणाली. मी मान हलवली.

पण तुमच्या येण्याआधी मी घर आवरलं होतं. गॅसच्या ओट्याखाली पव्वा सापडला. सील होतं, झाकणही फिरवलं नव्हतं. घरात दुसरी बाटली नव्हती, वास नव्हता. बादलीत त्याचे कपडे धुवून पिळून ठेवले होते. प्यालेला प्रवीण कपडे धूत नव्हता, हे माह्यापेक्षा तू जास्त जाणते. मी तो पव्वा शर्टाखाली घालून नेला आणि नाल्यात फेकला. तुमची लाज झाकाले फेकला असं मनाले सांगतलं. खरं हे की तो सीलबंद पव्वा कोणी पाहिला असता तर प्रवीण खरं बोलत होता हे कळलं असतं. मग मी काय केलं तेही कळलं असतं.

मीटिंगले एक जुने कंपाउंडर येतात. त्यांनी पुढे समजावलं की इतकी वर्षं रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. दवाखान्यात औषधावर सोडावी लागते. प्रवीणचं तेच झालं का, हे आता कोणी सांगू शकत नाही. माह्यापुरतं मी जाणतो.

त्यानंतर मी प्यालो नाही. याची मले लाज वाटते. भावासाठी निदान प्याले तरी पाहिजे होतं, असंही डोक्यात येऊन गेलं. दहा महिने मी फक्त चाय केली, बोललो नाही. दिवाळीनंतर एका शनिवारी सगळं बोललो. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. ओमप्रकाश माह्यासोबत घरापर्यंत चालत आले. फाटकापाशी म्हणे, उसका फोन तो गया. अब जिसका आए, उठाना.

आता मी उचलतो. तीन जणांना दवाखान्यात नेलं. डिसेंबरमध्ये कैंप-1 चा पीयूष नावाचा वेल्डर होता. वॉर्डात माहा हात धरून घामानं भिजला होता. म्हणे, "अंकल, आपके कंधे पे बकरी बैठी है." मी म्हटलं, कोणत्या? तो म्हणे, डाव्या. मी हात लावून बकरी उतरवली आणि खाटेखाली बांधली. तर म्हणे, "भूखी है." मग सिस्टरकडून कागद मागून आणला, फाडून खाटेखाली टाकला. सिस्टर माह्याकडे असं पाहत होती की आता दुसरी खाट लागते. पीयूष शांत झाला. मी हसून राहिलो होतो आणि हसता हसता रडाले लागलो, कारण प्रवीणनंही मले भिंतीवर काय चालते ते सांगाचा प्रयत्न केला होता. मी विचारलंच नाही काय चालते म्हणून.

तिथं त्या स्टुलावर मी पहिल्यांदा हात जोडले. कोणाले जोडले ते माहीत नाही. याले वाचव, एवढंच म्हटलं. पीयूष वाचला. म्हणून देव आहे असं मी म्हणत नाही. प्रवीण नाही वाचला. पण तवापासून रोज सकाळी हात जोडतो. सिंधू पाहते.

माफी मागत नाही. ती देण्यासारखी गोष्ट नाही. वर्षश्राद्धाले मी यावं की नाही, ते तू ठरवजो. नको म्हणशील तर मी इथूनच पान वाढेन.

पण एक काम कर. स्मशानातून येताना गुंजन म्हणाली होती, पापा ने दारू को चुना, हमको नहीं. वर्षभर ती पोरगी हेच धरून बसली असेल. तसं नव्हतं. शेवटचे तीन दिवस त्यानं तुम्हालेच निवडलं होतं, आणि एकट्यानं. तिले मराठी वाचता येत नाही. म्हणून हे पत्र तुलेच मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल. माहा भाग वाचताना गाळू नको.

ज्याले त्यानं फोन केला होता,
तो मारोती