उसंत, मुभा, चालढकल

दि. ३ नोव्हेंबर

ति. आत्यास,

कृ. सा. न. वि. वि.

तुझं पहिलं स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र मिळालं. चार ओळी आणि सात खाडाखोडी, तरी मी ते तीनदा वाचलं. गेल्या सुट्टीत तुला बाराखडी शिकवताना मला वाटलं होतं, पाठ वळली की तू पाटी गुंडाळून ठेवशील. चुकले, माफ कर.

इथे खोली ठीक आहे. खिडकी शाळेच्या मागच्या भिंतीकडे उघडते. मुलींची मला अजून भीती वाटते; वर्गात शिरताना मीच उशिरा आल्यासारखी शिरते. महिनाअखेरीस, एकोणतीसला, तपासणी आहे. साहेब माझा तास पाहतील आणि मग मला नोकरीत कायम करायचं की नाही ते ठरेल. आपल्या घरात शाळेचा उंबरा ओलांडलेली मी पहिलीच, त्यामुळे नापास झाले तर सगळं घरच नापास होईल असं सारखं वाटत राहतं.

तपासणीला जी गोष्ट शिकवायची आहे तीच तुला उतरवून पाठवते आहे, म्हणजे माझीही तयारी होईल. कालव्याच्या फाटकावर एक म्हातारा रखवालदार असतो. तो आपल्या तेरा वर्षांच्या नातीला फाटकाचं चाक फिरवायला शिकवतो आणि हळूहळू सगळं काम तिच्या हाती सोपवतो. नात गावभर मिरवते. एवढाच अर्धा भाग सोबत आहे. शब्द तीन: उसंत म्हणजे विसावा, मुभा म्हणजे मोकळीक, निमूट म्हणजे तक्रार न करता, गुपचूप. प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करून पाठव. वाक्य स्वतःचं हवं, गोष्टीतलं चालणार नाही.

बाबांना नमस्कार सांग. माझ्याकडून काही चुकत असेल तर कळव.

तुझी,
खोडरबर


दि. ७ नोव्हेंबर

चि. खोडरबर हिस,

अनेक आशीर्वाद.

लहानपणी पानं भोकं पडेपर्यंत खोडायचीस म्हणून हे नाव ठेवलं, आता तूच ते सहीला वापरतेस. मास्तरीणबाई, तुमचा अभ्यास मिळाला. इस्त्रीच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा गोष्ट वाचली. एका पानाला दोन दिवस लागले आणि एका सदऱ्याची कॉलर जळली. मालक म्हणाला, या वयात शिकून बॅरिस्टर होणार आहेस का. मी म्हटलं, व्हायचंच आहे, पहिला खटला तुझ्यावर.

नात मला आवडली नाही. फार तोऱ्यात आहे. पण तेराव्या वर्षी तू याहून वाईट होतीस.

तुझा नमस्कार दादाला सांगितला. घरची बातमी तो सांगतो तशी लिहिते. सगळं ठीक आहे. त्याच्याकडे पुस्तकांच्या बाइंडिंगची कामं येत आहेत.

आता वाक्यं.

उसंत: दादा जिना चढताना दर मजल्यावर उसंत घेतो.

मुभा: दादाला त्याच्या मालकाने दुपारी आडवं व्हायची मुभा दिली आहे.

निमुट: दादा अर्धं ताट निमुट बाजूला सारतो.

तपासून पाठव. मारकं कमी दिलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
आत्या


दि. १० नोव्हेंबर

ति. आत्यास,

शि. सा. न.

वाक्यं पाहिली. खरंच चांगली आहेत. 'निमूट'मध्ये मू दीर्घ. 'मुभा'चं वाक्य तर मी वर्गातही सांगितलं. दहापैकी आठ.

दोन मार्क कापले ते विविधता नाही म्हणून. तिन्ही वाक्यं 'दादा'ने सुरू होतात. वाक्य म्हणजे घरची नोंद नव्हे, आत्या, त्यात कल्पना लढवायची असते. एखादा माणूस, एखादी बाई, असं लिही. मुलींनाही मी हेच सांगते. राग मानू नकोस. तुला सगळे मार्क देऊन टाकावेत असं मनात येतं, पण मग इतरांचे कापायचा मला काय अधिकार?

घरी सगळं ठीक आहे हे वाचून हायसं वाटलं. इथे तपासणीखेरीज मला काही सुचत नाही. तासाचं टाचण चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं.

गोष्टीचा उरलेला भाग पाठवते आहे. नातीला एक दिवस दिसतं की आजोबा कठड्याला हात लावत लावत चालतात. मग कळतं की त्यांना कधीपासूनच दिसत नाही, आणि काम सोपवलं ते तेवढ्यासाठी. शब्द: चाहूल, कासावीस, आणि चालढकल म्हणजे करायचं काम पुढे पुढे ढकलणं. शिवाय एक प्रश्न: या गोष्टीचा आशय काय? म्हणजे ती मुळात कशाबद्दल आहे? पाच मार्कांना आहे, चार ओळींत लिही.

बाबांना नमस्कार. तुझा लोभ माझ्या लाल शाईला घाबरणारा नाही हे ठाऊक आहे.

तुझी,
खोडरबर


दि. १५ नोव्हेंबर

चि. खोडरबर हिस,

आशीर्वाद.

तुझा शेरा वाचला. दादाला वाक्यातून काढलं आहे. कल्पना लढवायला सांगितलीस, ती माझ्याकडे नाही, पण माणसं बदलता येतात.

चाहूल: एक बाइंडर घरी आला की पूर्वी शेजाऱ्यांना चाहूल लागत नसे, आता खोकल्यामुळे लागते.

चालढकल: डॉक्टरांनी त्याला ताबडतोब दाखल व्हायला सांगितलं आहे, पण तो महिनाअखेरीपर्यंत चालढकल करतो आहे.

कासावीस: त्याची बहीण कासावीस होते, पण तिला शपथ घातलेली आहे की पत्रात बातमी लिहायची नाही.

गृहपाठ लिहायचा नाही असं कोणी म्हटलेलं नाही.

आशय. नात मोठी कधी झाली? चाक फिरवता आलं तेव्हा झाली नाही, गावाने शाबासकी दिली तेव्हाही नाही. म्हातारा चाचपडतो आहे हे तिला दिसलं तेव्हा झाली. तोवर ती फक्त उंच होत होती.

चारच ओळी म्हणालीस म्हणून थांबते. या वेळी लाल शाई उचलायच्या आधी एकदा सावकाश वाच, बाई.

तुझी,
आत्या


रविवार, दि. १९ नोव्हेंबर

ति. आत्यास,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. मी ते वह्यांच्या गठ्ठ्यात ठेवलं आणि काल संध्याकाळी वह्यांसारखंच तपासलं. काय केलं ते सांगितलंच पाहिजे, लपवलं तर मला स्वस्थता मिळणार नाही. 'चाहूल'च्या वाक्याखाली मी लिहिलं, वाक्य लांबलं. 'चालढकल'ला शाबास लिहिलं. तुझ्या आशयाला पाचपैकी दोन दिले, कारण शिक्षकांच्या पुस्तकात उत्तर आहे 'जबाबदारीची जाणीव' आणि ते शब्द तुझ्या उत्तरात कुठे नव्हते.

आज सकाळी तपासणीच्या टाचणात उदाहरण म्हणून घ्यायला तुझं 'चालढकल'चं वाक्य चांगल्या अक्षरात उतरवत होते. 'महिनाअखेरीपर्यंत' लिहिलं आणि हात थांबला. महिनाअखेरीस काय आहे? माझी तपासणी आहे. मग तुझी सगळी वाक्यं काढून सलग वाचली. पहिल्या तीनपासून. तुझ्या पत्रात मला दीर्घ-ऱ्हस्व दिसलं, बाबा दिसले नाहीत.

आठवड्याची गाडी कालच गेली. पुढच्या शनिवारच्या, पंचवीसच्या, गाडीने मी निघते आहे. दुपारी मोठ्या बाईंच्या घरी जाऊन अर्ज दिला. त्या म्हणाल्या, तपासणी चुकली तर यंदा कायम होणं विसरा, पुढच्या वर्षीही जागा राहील असं मी सांगू शकत नाही. मी समजलं म्हणाले. त्यांनी अर्जातलं 'आजारपण' दुरुस्त करायला सांगितलं, 'जा'चा काना माझ्याकडून राहिला होता.

बाबा माझ्यासाठी थांबले असतील तर त्यांना थांबू देऊ नकोस. मी येईपर्यंतही नको. खालचा मजकूर त्यांना वाचून दाखव. तू अडखळणार नाहीस असेच शब्द घेतले आहेत.

ति. बाबांस,

मी तुम्हाला आजवर एकही पत्र लिहिलं नाही. तुम्हाला वाचता येत नाही म्हणून आत्याच्या पत्रात शेवटी नमस्कार घालत आले. ते बरोबर नव्हतं. आत्याने शपथ मोडली नाही, तिने फक्त माझा अभ्यास केला. बाबा, नोकरी दुसरी मिळेल. पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी दाखल व्हा. माझ्यावर रागवायचं असेल तर मी आल्यावर रागवा. पण त्यासाठी तुम्ही तिथे असलं पाहिजे.

तुमची मुलगी


बुधवार, दि. २२ नोव्हेंबर

चि. खोडरबर हिस,

अनेक आशीर्वाद.

आज सकाळी दादाला दाखल केलं. हे पत्र त्याच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून लिहिते आहे, म्हणून अक्षर हललं आहे. डॉक्टर म्हणाले पंधरा दिवस आधी आणायला हवं होतं. पुढचं विचारलं तर म्हणाले, बघू. मी तुला तेवढंच लिहिते आहे जेवढं ते बोलले, जास्त नाही आणि कमी नाही.

काल तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा आधी तो माझ्यावर उखडला. म्हणाला, बायकांच्या हाती लेखणी दिली की शपथेला भोक पडतं. मी म्हटलं, शपथ शाबूत आहे, हवं तर मास्तरणीकडून तपासून घे. मग तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. मग म्हणाला, परत वाच. तीनदा वाचायला लावलं. सकाळी मी उठायच्या आत सदरा घालून बसला होता.

इथे आल्यावर त्याने ते पत्र माझ्याकडून मागून घेतलं आणि विचारलं, यात मी कुठे आहे. जन्मभर दुसऱ्यांची पानं शिवली, पण हे त्याने कधी कोणाला विचारलं नव्हतं. मी 'बाबा' शब्द दाखवला. तो म्हणाला, एवढाच? म्हटलं, एवढाच, आणि दोन्ही अक्षरं सारखीच आहेत. त्यावर म्हणाला, मग मला अर्धंच शिकायचं आहे की.

हे पत्र शुक्रवारी तुझ्या हाती पडेल. शनिवारची गाडी चुकवू नकोस. दादाने त्या शब्दावर बोट ठेवलं आहे आणि तसाच झोपला आहे. तुझ्या पत्राची घडी घालायची राहिली आहे, पण मी ते काढून घेत नाही.

तुझी वाट पाहणारी,
आत्या