वरची कडी

दीपमाला, आज शेजारी साळूबाईकडे निजते, शोधू नको. गोळी घेतली आहे.

काल पहाटे भूकंपाचा धक्का बसला, भांडी वाजली, तुम्ही कोणी उठला नाहीत. मी दाराशी गेले, पण संधिवाताने सुजलेली माझी बोटं पहाटे लाकडासारखी ताठ असतात, वरची कडी हलेना. बाळ नुकतं निजलं होतं, म्हणून हाक मारली नाही. कोयनेच्या मोठ्या भूकंपात तुझ्या तान्ह्या नवऱ्याला उराशी धरून मी एका हाताने कडी ओढली होती.

साळूबाईला सांगितलं तर म्हणाली, “आत्या, घर हाय का कोंडवाडा?”

बिबट्या फिरतोय, बाळंतपणाला आलेल्या तुझ्या लेकीचं, क्रांतीचं बाळ घरात आहे, तेव्हा कडी घालू नको असं म्हणणार नाही. उद्यापासून माझी बाज ओसरीवर टाक, दाराच्या बाहेर.

— आई