माळकरी मत्स्यशेतकऱ्याचा सत्कार

फुलंब्री

तीर्थस्वरूप आवडाआक्कांना धाकट्या भावजयीचा, द्वारकेचा, वाकून नमस्कार. सोयगावी सगळी खुशाल असतील. तुमचे गुडघे कसे आहेत? आम्ही बरे आहोत, म्हणजे तुमचे बंधू बरे आहेत. मी जळतेय.

आक्का, शेततळ्यात रोहू-कटला सोडायचं मी काढलं, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, मी आणली, पहाटे चिखलात मी उतरते. तुमचे बंधू माळकरी. जाळं ओढायच्या दिवशी नाकाला उपरणं लावून लिंबाखाली बसतात (तेही वाऱ्याची दिशा बघून). आणि मत्स्यशेतकरी दिनाला, संभाजीनगरच्या मोठ्या हॉलात, आदर्श मत्स्यशेतकरी म्हणून सत्कार कुणाचा? त्यांचा! मी मत्स्यखात्यात फोन करून विचारलं, तर तिकडचा माणूस म्हणाला, "बाई, सातबारा ज्यांच्या नावावर, हार त्यांनाच." हे लगेच धोतराला इस्त्री करायला बसले. मला वाटलं, एका शब्दानं तरी म्हणतील, तू चल व्यासपीठावर. म्हणाले नाहीत.

मी मागच्या खुर्चीवर. पुढं भाषणं. मासळीत आपला देश जगात दुसरा, गावोगावच्या शेतकऱ्यांनी करून दाखवलं, टाळ्या. (त्या मीही वाजवल्या, आपल्याच कामाच्या होत्या.) मग फेटा, शाल. सूत्रसंचालकानं विचारलं, "काकासाहेब, माशांना काय देता?" तुमचे बंधू ठणठणीत आवाजात म्हणाले, "पाणी. लई पितात." हॉल हसला. मी मागून ओरडले, "पेंड आणि कोंडा!" तेवढ्यात फोटोसाठी त्यांच्या हातात टबातला जिवंत कटला दिला. यांनी डोळे मिटले, विठ्ठल विठ्ठल सुरू केलं, माशानं शेपटी हाणली आणि सुटला तो थेट पाहुण्यांच्या खुर्च्यांखाली. मोठमोठी माणसं पाय वर घेऊन बसली! शेवटी पदर खोचून मीच व्यासपीठावर चढले, कल्ल्याशी धरला आणि टबात टाकला.

"ह्या कोण?" खात्याच्या साहेबांनी विचारलं. मला वाटलं, आता हे काय थाप मारतात! तर फेटा सावरत म्हणाले, "घरच्या आहेत. तळं त्यांचंच. मी नुसता सातबाऱ्यावर आहे."

आक्का, टाळ्या थांबेनात. पण मला सांगा, एवढं खरं बोलता येत होतं, तर घरून निघतानाच बोलायला काय झालं होतं? शाल मग मला घातली, तीही माशाच्या पाण्यानं भिजलेली.

तुमची,
द्वारका

ता.क. आदर्श मत्स्यशेतकऱ्यांना आंध्रातली तळी दाखवायला नेणार आहेत. साहेबांनी यांचं नाव खोडून माझं घातलं. मी जाणार. तेवढे दिवस तुम्ही इथं येऊन राहावं, ही विनंती.

दुसरं ता.क. तळ्याची काळजी नको. मासे नेणारे हर्सूलचे रहीमभाई तिकडं बघतील. प्रश्न तुमच्या बंधूंचा आहे. भूक लागली तरी मागत नाहीत, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून खोकतात. औषध देऊ नका, ताट वाढा.