डाव्या पायावर नोंदलेल्या उजव्या घोट्याच्या दुखण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख, दावे व निदान-नोंदणी,
सागरतट आरोग्य विमा निधी, नॉयेनवार्फ.

विषय : उजव्या घोट्याचा स्कॅन नाकारल्याबाबत तीव्र तक्रार.
संदर्भ : आपले नामंजुरीचे तिसरे पत्र.

महोदय,

मी, गेशे ताम्मेन, येथील चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. हिवाळ्यापासून माझा उजवा घोटा आतल्या बाजूने ठणकतो. डॉ. वीब्के यांनी मला एका पायाच्या चवड्यावर उभे राहण्यास सांगितले. डाव्यावर राहिले, उजव्यावर टाच उचललीच नाही. "गेशेबाई, स्कॅन लगेच करा, नाहीतर पायाची कमान खचेल," असे त्या म्हणाल्या.

१. त्यांच्या दवाखान्यातून 'घोटा व पाऊल, सांधेदुखी' हा संकेतांक आपणांकडे आला. त्यात बाजू लिहायची राहिली, ही चूक त्यांची. परंतु आपल्या कार्यालयाने विचारणा न करता तिथे 'डावा' भरला. जाब विचारता आपले लिपिक श्री. ओल्टमान्स उत्तरले, "रकाना मोकळा ठेवता येत नाही हो बाई!"

२. डॉक्टरांनी 'उजवा' असे दुरुस्तीपत्र दिले. त्यावर आपण कळवले की डाव्याचे दुखणे उजवीकडे गेल्याचा वैद्यकीय पुरावा नाही. तो कुठून आणू? ते कधी गेलेच नाही!

३. दरम्यान डाव्या घोट्याचा बेल्ट घरपोच आला. तो वापरत नाही म्हणून 'उपचारास असहकार' असा शेराही माझ्या नावावर पडला. मला याचा भयंकर संताप आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

४. तिसऱ्या पत्रात कळस झाला. माझा व्यवसाय 'बैठा' असल्याने घोट्यावर ताण येत नाही, म्हणून स्कॅन नामंजूर. मी तडक कार्यालयात आले. श्री. ओल्टमान्स हसून म्हणाले, "ऑर्गन काय पायाने वाजवता की काय?" होय, महोदय. खालचे सगळे सूर बाकाखालच्या पट्ट्यांवर पायांनीच वाजतात, आणि तेही घोटा वळवून.

चर्चची समिती ईस्टरनंतर ध्वनिमुद्रित संगीताचे यंत्र बसवण्याच्या विचारात आहे. पाय बरा झाला नाही तर माझी जागा जाईल. ऑर्गनच्या या बाकाखेरीज मला दुसरे आयुष्य नाही.

गेल्या रविवारी चर्चमध्ये आपण स्वतः तिसऱ्या रांगेत होतात. प्रार्थना संपल्यावर माझा हात हातात घेऊन आपण म्हणालात, "बाई, आज किती हळुवार वाजवलंत!" महोदय, ते हळुवार नव्हते. माझा उजवा पाय हलत नव्हता, म्हणून खालचे सूर वाजलेच नाहीत.

आपले हे उद्गार माझ्या प्रकरणात पुरावा म्हणून नोंदवावेत व स्कॅनला मंजुरी द्यावी, ही विनंती.

आपली, अजून तरी नम्र,
गेशे ताम्मेन
नॉयेनवार्फ, १२ मार्च

सोबत :
१. डॉ. वीब्के यांचे दुरुस्तीपत्र.
२. डाव्या पायाचा बेल्ट, न वापरलेला.
३. ऑर्गन वाजवताना घालायचा माझा उजवा बूट. तूर्त लागत नाही.