मागचं दार आणि तुझी आरोळी

आई, आज प्रयोगशाळेत माझ्या पेशी गप्प बसल्या आणि मला तुझी आरोळी आठवली. मी डीएनए लशीवर काम करते. ही लस म्हणजे डीएनएचं छोटंसं कडं. त्यात रोगजंतूच्या एका तुकड्याची कृती असते. पेशीचा स्वतःचा डीएनए केंद्रकात नीट बसलेला असतो. हे कडं केंद्रकाबाहेर सापडलं की राखणीवरची प्रथिनं त्याला धरतात, एकमेकांना खबर देतात आणि बघता बघता शरीर जागं होतं. त्या गडबडीतच तो तुकडा शरीराच्या लक्षात कायमचा राहतो. आज मी राखणीचं एक प्रथिन काढून टाकलेल्या पेशी वापरल्या. लस आत गेली, पण कुणी हूं की चूं केलं नाही.

चवथीच्या आदल्या दिवसाची दुपार. गोव्यातल्या आपल्या केरीच्या घरात, मागच्या स्वयंपाकघरात, तू खोबऱ्याचं सारण भरलेल्या नेवऱ्या तळते आहेस. मागच्या दाराने माझ्या वर्गातला मुलगा आत येतो, गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळापानांच्या माटोळीला बांधायला रानातली कवंडळाची लाल फळं घेऊन. तू झारा उगारतेस.

"धांवात गे! चोर शिरलो!"

शेजारपाजारचा अख्खा वाडा धावत आला. तो बिचारा कवंडळं छातीशी धरून उभा. त्यानंतर केरीत त्याला न ओळखणारं माणूस उरलं नाही. तो बसमधून उतरला की खबर आधी तुझ्याकडे. मी मात्र आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. "तुला माणसंच कळत नाहीत," असंही म्हटलं. ते तुला फार लागलं. पाच नारळ घेऊन तू मला त्याच्या गावी, चोपड्याला, त्याच्या घरी नेलंस आणि त्याच्या आईला म्हणालीस, "चूक माझी गे बाये." मी शेजारी बसून चहात उंडो पाव बुडवून खात होते.

पुढे तो तुझा जावई झाला. "फुडल्या दारान ये मरे!" हे त्याने तुझ्याकडून किती वर्षं ऐकलं! आज गप्प पेशींची गोष्ट सांगितली तेव्हा तो पोट धरून हसला, मग म्हणाला, "आता तरी सांग तिला."

म्हणून हे लिहिते आहे, पाठवणार कुठे? आई, तू ओरडलीस ते बरोबरच होतं. "आई पुढे माटोळी बांधते आहे, तू मागच्या दाराने ये," असं त्याला मीच सांगितलं होतं. नेवऱ्या तळायला तू मागे स्वयंपाकघरात गेलीस, ते मला कळलंच नाही.